चेहरा जरा ‘ब्राइट’ करता येईल का? बारावीतल्या मुलांच्या मराठी आईबाबांना खुलं पत्र

न्यू जर्सीतल्या आणि अमेरिकेत इतरत्र राहणाऱ्या मराठी आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार.

मी मध्य न्यू जर्सीत फोटोग्राफर आहे. डोहाळजेवणं, मुंजी, अरंगेत्रम, सगळं करते. पण ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत माझा हंगाम असतो तो सिनिअर पोर्ट्रेटचा, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलांच्या फोटोंचा. तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी माझे फोटो लागलेले आहेत. पुष्कळांनी मला जेवायलाही बोलावलंय. म्हणून हे पत्र लिहिताना थोडा संकोच वाटतोय, आणि तरीही लिहितेय.

फोटोंच्या गॅलरीची लिंक पाठवली की साधारण दुसऱ्या दिवशी रात्री, मुलं झोपल्यावर किंवा झोपली असं तुम्हाला वाटल्यावर, मला मेसेज येतो. सुरुवात नेहमी कौतुकाने. “फोटो अप्रतिम आलेत हं!” मग एक फुलाचं चित्र. मग दोन मिनिटं ‘टायपिंग’ दिसत राहतं. आणि मग: “एकच होतं. चेहरा जरा ब्राइट करता येईल का?”

‘ब्राइट’ला समानार्थी शब्द बरेच आहेत. फ्रेश. क्लिअर. ग्लो. “लाइट कमी पडला होता का त्या दिवशी?” एका काकांनी “थोडं कॉन्ट्रास्टचं बघा” असं लिहिलं होतं, ते आयटीत आहेत. ‘गोरं’ हा शब्द मात्र कोणीच वापरत नाही. अमेरिकेत येऊन आपण एवढं तरी शिकलो.

नऊ वर्षं मी या मेसेजला “हो, करते ना” असं उत्तर देत आले. चेहऱ्यावर मास्क टाकायचा, एक्स्पोजरचा स्लायडर थोडा उजवीकडे, केशरी रंगाची झाक थोडी कमी, झालं. दोन मिनिटांचं काम, आणि गिऱ्हाईक खूश. यंदापासून मी ते करणार नाही. एकेका घराला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगावं, म्हणून हे पत्र.

ज्यांचं पहिलंच मूल बारावीत गेलंय त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते, कारण या प्रकारात गोंधळ फार होतो. सिनिअर पोर्ट्रेट दोन असतात. एक शाळेचं. शाळेने एका स्टुडिओशी करार केलेला असतो. तो स्टुडिओ अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात किंवा बारावीच्या सुरुवातीला सगळ्यांचे फोटो काढतो, आणि यिअरबुकात, म्हणजे शाळेच्या त्या वर्षाच्या आठवणींच्या पुस्तकात, छापला जातो तो त्यातलाच. बऱ्याच शाळांत मुलींना खांद्यावर काळं मखमली कापड देतात, त्याला ड्रेप म्हणतात, आणि मुलांना समोरून कोट-बो टाय दिसेल असा टक्स. मागून तो चिमट्यांनी आवळलेला असतो, ते फोटोत दिसत नाही. या फोटोची तारीख चुकवू नका. यिअरबुकाची मुदत गेली की नावापुढे रिकामी चौकट राहते, आणि त्यावरून घरात जे होतं ते मी ऐकलेलं आहे.

दुसरं पोर्ट्रेट तुम्ही स्वतः माझ्यासारख्या कोणाकडून तरी काढून घेता ते. बागेत, कालव्याकाठी, तळ्यावर, हातात टेनिसची रॅकेट किंवा व्हायोलिन घेऊन. हे ऐच्छिक आहे. खर्च शंभरेक डॉलरपासून हजारापर्यंत आणि त्याच्याही वर जातो, आणि खरं सांगायचं तर हौस नसेल तर नाही काढलं तरी काही बिघडत नाही. जूनमधल्या ग्रॅज्युएशन पार्टीच्या बॅनरवर, आमंत्रणावर आणि भारतातल्या आजी-आजोबांच्या टीव्हीशेजारी जो फोटो लागतो तो बहुधा हा असतो.

प्रथा जुनी आहे. 1860च्या आसपास बोस्टनजवळचा जॉर्ज वॉरन नावाचा फोटोग्राफर हार्वर्ड, येलसारख्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे फोटो काढायचा. मुलं आपल्याला हवे तेवढे फोटो विकत घ्यायची, मित्रांचे, प्राध्यापकांचे, कॉलेजच्या इमारतींचे, आणि त्यांचा आल्बम बांधून घ्यायची. आजच्या यिअरबुकाचं मूळ त्यात आहे. मला यातली एक गोष्ट फार आवडते: आल्बममध्ये कोणता फोटो घ्यायचा हे मुलं ठरवायची.

कारण पुढे इथली भांडणं त्यावरूनच झाली. मिसिसिपी राज्यात 2009 साली एका मुलीने ड्रेप नको म्हणून टक्स घालून फोटो काढला. शाळेने यिअरबुकातून तिचा फोटो तर वगळलाच, नावही वगळलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि शाळेला नियम बदलावे लागले. ऱ्होड आयलंडमधल्या एका मुलाला मध्ययुगीन सैनिकांचं वेड. त्याने साखळ्यांचं चिलखत घालून, हातात तलवार घेऊन सिनिअर फोटो काढला. शाळेत शस्त्रं चालत नाहीत या नियमावर बोट ठेवून शाळेने तो नाकारला. शेवटी राज्याच्या शिक्षण खात्याने मुलाच्या बाजूने निकाल दिला. तलवारीचं मी समर्थन करत नाहीये. (आपल्याकडे असं काही झालं असतं तर निम्म्या पोरांनी भवानी तलवार मागितली असती.) पण सतरा-अठरा वर्षांची मुलं स्वतःच्या चेहऱ्यासाठी शाळेशी भांडतात, आणि आपल्या घरी तोच चेहरा रात्री अकरा वाजता त्यांच्यामागे परस्पर बदलला जातो, हे मला आता खटकायला लागलंय.

खटकायला लागलं त्याला एक निमित्त झालं. ते सविस्तर सांगते.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यात डी अँड आर (डेलावेअर अँड रॅरिटन) कालव्याच्या काठाने जी मातीची वाट जाते, तिथे एका मुलीचं सेशन होतं. सहाची वेळ. त्या दिवसांत सातच्या पुढे सूर्य मावळतो, त्यामुळे सहाला ऊन आडवं झालेलं असतं आणि झाडांतून गाळून येतं. आई, बाबा, धाकटा भाऊ, सगळे हजर. पहिले कपडे आजीची पैठणी, जांभळ्या रंगाची. पदर दहा वेळा नीट करून झाला. मुलगी शहाण्यासारखी उभी होती, हसत होती, पण मला माहीत असलेलं हसू ते: गाल वर गेलेत आणि डोळे अजून कॉमन ॲपच्या, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या अर्जाच्या, निबंधात अडकलेत. एक नोव्हेंबरची अर्ली डेडलाइन असलेल्या सगळ्या मुलांचे डोळे सप्टेंबरात असेच असतात.

मग कपडे बदलले. मुलगी क्रॉस कंट्री धावणारी. शाळेच्या टीमचा बिनबाह्यांचा जर्सी, शॉर्ट्स, आणि ज्यांचा मूळचा पिवळा रंग आता नावापुरता उरलाय असे धावायचे बूट. ती वाटेवर आली, मोजे खाली सरकवले आणि मला म्हणाली, “ॲक्च्युअली, हे दिसेल असा एक काढता येईल?”

घोट्याच्या थोडं वर रेघ होती. पट्टीने आखल्यासारखी. वर रापलेला पाय, तांबूस, गडद. खाली मोज्यात राहिलेला पाय, फिका. मनगटावर घड्याळाची तशीच चौकोनी खूण. तिने समजावून सांगितलं की टीममध्ये जूनपासून स्पर्धा असते, कोणाची रेघ सगळ्यात ठळक. उन्हाळाभर पहाटे न उठता दुपारी धावायचं, तेच मोजे, तीच उंची. गोऱ्या मुलींचं भाजून लाल होतं आणि मग सोलवटतं, हिची रेघ मात्र नोव्हेंबरपर्यंत टिकते. ती जिंकली होती. हे सांगताना पहिल्यांदा तिचे डोळे निबंधातून बाहेर आले.

मी जमिनीवर आडवी झाले, कॅमेरा घोट्याच्या उंचीवर आणला, तिला वाटेत बसवलं, एक पाय पुढे. मागून ऊन, धूळ, आणि ती मोज्याकडे बोट दाखवून खिदळतेय. पाठीमागच्या स्क्रीनवर तिला दाखवला तर तिने झूम करून आधी रेघ बघितली, मग चेहरा. म्हणाली, “धिस वन.”

दुसऱ्या दिवशी रात्री आईचा मेसेज आला. फोटो अप्रतिम. फूल. मग: उन्हात फार रापलीये हो, हा तिचा मूळचा रंग नाही. चेहरा आणि हात ब्राइट करता येतील का, आणि पायावरची ती पट्टी पुसता येईल का?

मी पुसली. हात एका रंगाचे केले, घोटे एका रंगाचे केले, चेहरा वर आणला. आठवड्याने मुलीचा मला स्वतंत्र मेसेज आला. एकाच ओळीचा. टॅन लाइनवाला ओरिजिनल तुमच्याकडे आहे का, असं विचारत होती. रागावली नव्हती. मी पाठवला. तिने आईला सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

“मूळचा रंग” या शब्दांवर मी नंतर बरेच दिवस विचार केला. तो कुठे असतो? जन्मल्यावर दवाखान्यात दिसतो तो? जानेवारीतला? दंडाच्या आतल्या बाजूचा? आपल्याकडे मूळचा रंग म्हणजे कायम आत्ता आहे त्याच्यापेक्षा एक पायरी वरचा. मी स्वतः या हिशेबात वाढले. माझे वडील साताऱ्यात स्टुडिओ चालवायचे. अर्धं दुकान पासपोर्ट आणि शाळेच्या फोटोंवर चालायचं, अर्धं स्थळांच्या. मुलीला साडी नेसवून, कुंडीशेजारी उभं करून, दाखवायचा फोटो.

रिटचिंग तेव्हा पेन्सिलीने व्हायचं. एका उतरत्या लाकडी पेटीत मागून दिवा, त्यावर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग, आणि सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर जिथे शिसं लागेल तिथून प्रिंट काढताना उजेड कमी जातो, म्हणजे कागदावर तेवढी जागा उजळ होते. डोळ्यांखालची काळजी, नाकाशेजारची सावली, कपाळ, हनुवटी, असं करत बारीक बारीक स्वल्पविरामांसारखे फटकारे मारत बाबा अख्खा चेहरा सावळ्याचा निमगोरा करायचे. त्याचे पैसे वेगळे. माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा माझ्या फोटोवर ते दोन रात्री बसले होते, आणि पैसे अर्थातच नाहीत. त्यांच्या हातचं सगळ्यात चांगलं काम असेल ते. पहिलंच स्थळ बघायला आलं, चहा झाला, आणि जाताना मुलाची मावशी दारातच, आवाज मुद्दाम न चोरता म्हणाली, “फोटोत बरीच उजळ वाटत होती.”

बाबांनी त्यानंतर मला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. मी पण नाही. त्यांना माझं भलंच करायचं होतं, तुम्हालाही तुमच्या मुलांचं भलंच करायचंय, त्यात मला काडीचीही शंका नाही. पण तेव्हा बाबांसमोर एक खरी अडचण होती: बायोडेटात ‘वर्ण’ असा रकाना होता, आणि त्यात काय लिहिलंय त्यावर चहाला कोण येणार ते ठरायचं. तुमच्या मुलीच्या क्रॉस कंट्रीच्या फोटोला कोणता रकाना भरायचाय?

काहीजण म्हणतील, आता विठोबाचं सांगणार. नाही सांगणार. सावळ्या विठोबाची तसबीर दिवाणखान्यात आणि क्रीम न्हाणीघरात, हे आपल्या घरांत शंभर वर्षं सुखाने चाललंय. त्या युक्तिवादाने कोणाचं मन बदललेलं मी पाहिलेलं नाही. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये आलं आणि 2020 मध्ये त्याच्या नावातला ‘फेअर’ गळून ‘ग्लो’ आला. तुमच्या मेसेजमधले शब्दही साधारण त्याच सुमाराला बदलले, हे मी माझ्या फोनमध्ये मागे जाऊन पाहिलंय.

मी फोटोग्राफर आहे, तर फोटोचंच बोलते.

रंगीत फिल्मच्या काळात अमेरिकेत लॅबवाल्यांना कोडॅककडून एक कार्ड यायचं. त्यावर एका बाईचा फोटो, शेजारी रंगांचे ठोकळे. पहिल्या बाईचं नाव शर्ली होतं, म्हणून पुढे बाया बदलल्या तरी कार्डाचं नाव शर्लीच राहिलं. यंत्र असं जुळवायचं की शर्लीची कातडी बरोबर दिसली पाहिजे. शर्ली गोरी. तेव्हा तिची कातडी बरोबर दिसली की काम झालं. वर्गात तिच्याशेजारी बसलेल्या काळ्या मुलाच्या चेहऱ्यावर डोळे आणि दात तेवढे उरायचे. शाळेच्या आणि ग्रॅज्युएशनच्या फोटोंबद्दल कृष्णवर्णीय आयांनी तक्रारी केल्या. पण कंपनी खरी हलली ती चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले तक्रार करायला लागल्यावर, की तुमच्या फिल्मवर आमचं डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट सारखंच दिसतं. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड यायला 1990चं दशक उजाडलं. आणि फोनच्या कॅमेऱ्याने गडद रंगाचे चेहरे नीट टिपावेत म्हणून गूगलने ‘रिअल टोन’ नावाची गोष्ट पिक्सेल फोनमध्ये आणली ती 2021 मध्ये.

म्हणजे आपल्यासारखे चेहरे आहेत तसे फोटोत यावेत यासाठी लोकांनी पन्नास-साठ वर्षं डोकं लढवलं. आता कुठे ते जमतंय. मी दहा हजार डॉलरचा कॅमेरा आणि लेन्सा घेऊन, संध्याकाळची वेळ साधून, तुमच्या मुलाचा गव्हाळ किंवा सावळा किंवा चांगला काळा रंग जसाच्या तसा पकडते, आणि मग रात्री अकरा वाजता आपण दोघं मिळून तो खोडतो.

खोडल्यावर काय होतं तेही सांगते, कारण फोनच्या स्क्रीनवर ते दिसत नाही. गडद कातडीवर उजेड चमकतो. गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर एक लखलखीत जागा असते आणि तिथून रंग हळूहळू खोल होत जातो. चेहऱ्याला गोलाई येते ती त्यामुळे. सगळा चेहरा वर ओढला की खोल रंग वर येतात, पण लखलखीत जागेला वर जायला जागाच नसते. मग दोन्ही एका पातळीवर येतात आणि चेहरा पापडासारखा सपाट होतो. केशरी झाक कमी केली की राखाडी छटा येते, तापातून उठल्यासारखी. ओठांचा रंग जातो. पैठणीचा काठ आणि गळ्यातल्या ठुशीचा सोनेरीपणा तोंडाशी विसंगत दिसायला लागतो. आणि मान! मान नेहमी विसरली जाते. बावीस बाय अठ्ठावीस इंचांची प्रिंट करून पार्टीच्या हॉलच्या दाराशी ठेवली की चेहरा एका बाईचा आणि मान दुसरीची. ज्यांच्या घरी माझी अशी प्रिंट आहे त्यांनी कृपया आत्ता उठून बघू नये.

आता तुमच्या बाजूचंही बोलते, कारण तुम्ही दरवेळी चूक नसता. कधीकधी फोटो खरोखरच काळा आलेला असतो. शाळेच्या फोटोत हे जास्त होतं. व्यायामशाळेत पडदा लावतात, सकाळी एकदा दिवे बसवतात आणि दिवसभर त्याच दिव्यांत शेकडो मुलं एका स्टुलावरून उठवतात. दिवे फिक्या चेहऱ्यावर जुळवलेले असले तर सावळं मूल एक पायरी खाली जातं. त्यात काळे केस आणि मागे गडद पडदा असला तर डोक्याची मागची कडा पडद्यात बुडून जाते. हा रंगाचा दोष नसतो, दिव्यांचा असतो, आणि त्याबद्दल तुम्ही जरूर भांडायला पाहिजे.

ओळखायचं कसं? पांढरं काय आहे ते बघा. शर्टाची कॉलर, डोळ्यांतला पांढरा भाग, दात. ते पांढरे दिसत असतील तर उजेड बरोबर आहे आणि चेहरा जसा आहे तसा आलाय. कॉलर मळकी, राखाडी दिसत असेल तर उजेड कमी पडलाय. अशा वेळी “ब्राइट करा” म्हणू नका, रिटेक मागा. बहुतेक शाळांत रिटेकचा एक दिवस असतो. मुलं कंटाळा करतात, त्यांना हाताला धरून पाठवा. आणि माझ्या फोटोत कॉलर मळकी दिसली तर चूक माझी. मी पुन्हा येऊन फुकट काढून देईन.

आणखी एक निरीक्षण, पटकन. मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या फोटोंना हा मेसेज क्वचित येतो. त्यांच्यासाठी येतो तो “केस जरा बसवता येतील का” किंवा “ती मिशी काढता येईल का” असा. मिशीचं उत्तर नेहमीच “त्याला विचारा” असतं. ती उगवायला त्याला तीन वर्षं लागलीत. पण बहीण-भाऊ जुळे, दोघांचा रंग अगदी एकच, एकाच संध्याकाळी एकाच झाडाखाली काढलेले फोटो, आणि ब्राइट करायचा फक्त तिचा, असं मी दोनदा केलंय. दोन्ही घरी ग्रॅज्युएशनच्या बॅनरवर ती भावापेक्षा दोन छटा उजळ. बॅनर बघून ती काय म्हणाली असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

“आम्ही पैसे देतो, तर आम्हाला हवं तसं का नाही?” असं एका बाबांनी मला शांतपणे विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. इथल्या कायद्याप्रमाणे करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर फोटोचा हक्क काढणाऱ्याकडे राहतो; म्हणून तर फार्मसीच्या काउंटरवर व्यावसायिक फोटोची प्रिंट काढायला गेलं की परवानगीचं पत्र मागतात. पण तो कायदा तुमच्या तोंडावर मारण्यात मला रस नाही. तुम्ही फोटो घेऊन जाल, फोनमध्ये एक फिल्टर लावाल, काम होईल. मी अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. एवढंच, की ते माझ्या हातून होणार नाही.

तर यंदापासून माझं काम कसं चालेल ते लिहिते. जे दोन आठवड्यांत आपोआप जाणार आहे ते मी न सांगता काढते: मुरूम, ओरखडा, डास चावलेला, रात्री तीनपर्यंत निबंध लिहिल्याची डोळ्यांखालची काळी वर्तुळं थोडी. जे राहणार आहे, तीळ, लासं, देवीच्या लशीचा नव्हे पण तसलाच काही व्रण, ब्रेसेस, जुळलेल्या भुवया, ते राहील. त्यातलं काही काढायचं असेल तर सांगणारा माणूस फोटोतला हवा. त्याने किंवा तिने मला स्वतः मेसेज करायचा, आईच्या फोनवरून नव्हे. पहिल्या निवडीची लिंकही आधी त्यांच्याकडे जाईल आणि दोन दिवसांनी तुमच्याकडे. आणि रंगाला हात लागणार नाही. मुलाने सांगितलं तरी? हा प्रश्न मला परवा एका आईने विचारला, आणि मी अडखळले. सतरा वर्षांची मुलगी स्वतः म्हणाली, की मला उजळ कर, तर? तेव्हाही मी नाही म्हणेन असं वाटतं. पण तेव्हा मी तिला प्रिंट काढून, हातात देऊन, तुमच्या कोणाच्याही गैरहजेरीत दहा मिनिटं बसेन तिच्याशी. पुढचं त्या दहा मिनिटांनंतर.

त्याच्या बदल्यात उजेडाची जबाबदारी पूर्ण माझी. गवतावर उभं केलं तर हनुवटीखाली हिरवी झाक येते, म्हणून मी सगळ्यांना वाटेवर, दगडावर, पायऱ्यांवर घेते. “तिथे फुलं छान आहेत” म्हणून गवतात ओढू नका. चंदेरी रिफ्लेक्टर मी वापरत नाही, आपल्या कातडीवर तो थंड पडतो; पांढरा किंवा हलका सोनेरी. भर दुपारी बाराची वेळ मागू नका, बाबांना फुटबॉल बघायचा असला तरी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचच्या आत सूर्य मावळतो आणि पानंही गळायला लागलेली असतात, तेव्हा ज्यांना संध्याकाळचं ऊन हवंय त्यांनी त्याआधी या.

येताना मुलांना पोटभर खायला घालून आणा. पावडर, कॉम्पॅक्ट, फाउंडेशन असेल तर ते मुलीने स्वतः निवडलेलं, आणि मानेलाही लावलेलं. धावणाऱ्यांनी धावायचे बूट आणावेत, नवे घेऊ नयेत. आणि सेशन चालू असताना आईबाबांपैकी एकानेच यावं, शक्यतो जो कमी बोलतो त्याने. दुसऱ्याने गाडीत बसावं. कालव्याच्या पार्किंगला सावली आहे.

तुमची,
फोटोवाली

ता. क. तो टॅन लाइनचा फोटो आता तिच्या कॉलेजच्या खोलीत दारावर लावलाय, असं तिच्या धाकट्या भावाने सांगितलं. त्याचं सेशन दोन वर्षांनी आहे. त्याने मला आत्ताच विचारून ठेवलंय की बेसबॉलच्या टोपीने कपाळावर जी रेघ पडते ती फोटोत नीट यायला कोणता महिना बरा.